वचन, नवस आणि हजेरीपट : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात आम्ही म्हटलं होतं की प्रापंचिक कॅथलिक माणसाला प्रार्थनेचं आणि सेवेचं वैयक्तिक वचन द्यायचं असेल, तर ते मोघम ठेवू नये. काय, किती आणि कधीपर्यंत, हे लिहून काढावं. त्यावर नाशिकरोडच्या एका वाचकांची खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाप्तिस्म्याची वचनं असताना हे वेगळं वचन म्हणजे नाशिकरोडला फेब्रुवारीत भरणाऱ्या बाळ येशूच्या यात्रेत बोलतात तसला नवसच. वेळ आणि तारखा लिहिणं म्हणजे भक्तीचा हजेरीपट. अंबडच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणाऱ्याचं असलं वचन महिनाभरात मोडतं आणि मागे उरते फक्त टोचणी. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘त्यापेक्षा दरमहा पाचशे रुपये एखाद्या संस्थेला दिले तर काय बिघडलं?’

बाप्तिस्म्याबद्दल आपलं भांडणच नाही. ती वचनं आपण दरवर्षी ईस्टरच्या जागरणविधीत पुन्हा उच्चारतो आणि त्यांच्यावर वेगळा मजला चढवायची गरज नाही. वैयक्तिक वचन फक्त त्यांतला एखादा तुकडा आठवड्याच्या ठरावीक दिवसावर आणून ठेवतं. ख्रिस्तसभेच्या (कॅथलिक चर्चच्या) धर्मशिक्षणग्रंथात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि गुरुदीक्षा या संस्कारांतल्या वचनांनंतर लगेच अशा खासगी वचनांचा उल्लेख येतो: एखादी प्रार्थना, दानधर्म, एखादी यात्रा. ती देण्याची सक्ती कुणावर नाही. न देणाऱ्याच्या श्रद्धेत काही उणं आहे असंही नाही.

नवसाचं मात्र नीट पाहायला हवं, कारण इथे तुमचा राग रास्त आहे पण निशाणा थोडा चुकलाय. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, 1191 ते 1198 ही कलमं व्रताची आहेत. जाणूनबुजून, स्वखुशीने, शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीबद्दल देवाला दिलेलं वचन म्हणजे व्रत, ही 1191 ची व्याख्या. ‘अमुक झालं तर तमुक करीन’ अशी अट घातली म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. अट पुरी झाली नाही तर ते तिथेच संपतं. म्हणजे सशर्त नवस कायद्यात बसतो. गडबड होते ती नवस कुठे आणि कसा बोलला जातो त्यामुळे. आयसीयूच्या दाराशी बोललेल्या नवसात तीन गोष्टी हटकून राहून जातात: मुदत, मोजमाप, आणि फेडणार कोण.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त घरांत घोळ घालते. ‘पोरगं बरं होऊ दे, ते दरवर्षी यात्रेला अनवाणी येईल’, असं आई बोलून जाते. पोरगं पंचविशीत येतं, पुण्याला नोकरी लागते, फेब्रुवारीत रजा मिळत नाही आणि घरात अबोला सुरू होतो. कलम 1193 सांगतं की व्रत बोलणाऱ्यालाच बांधतं. आईने बोललेलं मुलाला लागू नाही, आणि वारलेल्या वडिलांचं राहिलेलंही मुलावर येत नाही. मुलाने प्रेमाखातर केलं तर उत्तम, पण देणं म्हणून नव्हे. कुणी धाकदपटशाने, अन्यायाने भीती घालून वदवून घेतलेलं व्रत तर मुळातच रद्दबातल. आजारपणाच्या नुसत्या भीतीला मात्र ही सवलत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि बाहेर पडायची वाट? ती कायद्यातच आहे, पण फारच थोड्यांना माहीत असते. मुदत संपली, मूळ बाब पार बदलली किंवा हेतूच उरला नाही, तर व्रत संपतं. खासगी व्रताच्या जागी तितकंच किंवा अधिक चांगलं काम घ्यायचं असेल, तर ते स्वतःच बदलता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. हलकं करून हवं असेल किंवा पूर्ण सूट हवी असेल, तर आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंकडे जायचं. रास्त कारण असेल आणि दुसऱ्या कुणाचा मिळालेला हक्क बुडत नसेल, तर त्यांना तो अधिकार आहे. थेट महागुरूस्वामींपर्यंत (बिशपांपर्यंत) जायची गरज नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी अनवाणी चालण्याचा नवस अंगावर वागवत वर्षानुवर्षं घाबरून राहतात, हे केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून.

आता हजेरीपट. लिहिण्याचं खूळ आमचं नाही. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी एका विशिष्ट दोषाच्या परीक्षणासाठी दिवसाला दोन रेघा आखायला सांगितल्या. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या रेघेवर आणि रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके. मग दुपारची रेघ रात्रीशी ताडायची, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी. त्यात साहेबाला दाखवायचं काही नाही, वही आपली आपल्यापाशी.

मोघम म्हणजे काय आणि नेमकं म्हणजे काय, हे एका नमुन्यावरून कळेल (आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, राखेचा बुधवार म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस):

‘आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून राखेच्या बुधवारपर्यंत मी रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं दिवसाची उजळणी करीन, आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी धर्मग्रामातल्या अंथरुणाला खिळलेल्या एका व्यक्तीच्या घरी एक तास देईन. रात्रपाळीच्या आठवड्यात आणि आजारपणात शनिवार लागू नाही. राहून गेलेलं भरून काढणार नाही. हा संकल्प आहे, व्रत नाही.’

‘झोपण्यापूर्वी’ लिहिलंय, ‘रात्री नऊला’ नाही. पाळी बदलली की नऊचं वचन पहिल्याच आठवड्यात कोलमडतं. झोप मात्र रात्रपाळीवाल्यालाही असते, सकाळी साडेआठला का होईना. पाच मिनिटं अशासाठी की उजळणीचे मुद्देही पाचच: आभार, स्वतःला खरं पाहण्याची कृपा मागणं, तासातासाने दिवस पाहणं, क्षमा, उद्याचा निर्धार.

‘भरून काढणार नाही’ हे वाक्य लोक गाळतात आणि तिथेच फसतात. रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या दहा-दहा जपांच्या पाच फेऱ्यांना, पंधरा-वीस मिनिटं लागतात. चार दिवस हुकले म्हणून रविवारी चारही उरकायला बसलं की तास-सव्वा तास जातो, तोंड म्हणतं आणि डोकं मोजतं. पुढच्या आठवड्यात थकबाकी आणखी वाढते आणि माणूस सगळंच सोडून देतो. हुकलं ते हुकलं, आजचं आज.

नमुन्यातलं शेवटचं वाक्य तुमच्या टोचणीला उत्तर आहे. स्वतःला व्रताने बांधून घ्यायचा हेतू नसेल, तर व्रत होतच नाही. संकल्प हुकला म्हणून ते आपोआप पाप ठरत नाही. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) ही निराळी गोष्ट, ते सगळ्यांचंच कर्तव्य आहे. आमचं ठाम मत असं की पहिली खेप संकल्पाचीच असावी. तीनेक महिने नीट पार पडलं आणि व्रतच घ्यावंसं वाटलं, तर नेहमीच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंशी बोलून घ्यावं. ज्यांना बारीकसारीक गोष्टींनी मन खात बसायची सवय आहे, त्यांनी तर संकल्पावरच थांबावं.

‘रागावणार नाही’, ‘जास्त प्रार्थना करीन’ असलं काही लिहू नका. पहिलं पूर्णपणे आपल्या हातात नाही (त्यासाठी वरच्या रेघा आहेत), दुसरं मोजता येत नाही. रोजच्या मिस्सेचं वचनही जपून. 1987 साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांतात शहराबाहेरच्या अनेक वस्त्यांत रोज मिस्सा नसते. शिवाय विवाहिताची शनिवार सकाळ त्याच्या एकट्याची नसते. व्रतामुळे दुसऱ्याच्या हक्काला धक्का बसत असेल, तर त्या बाबीवर ज्याचा अधिकार आहे तो ते स्थगित करू शकतो, हे 1195 वं कलम. संत फ्रान्सिस द सेल्स (1567–1622) यांनी तर विवाहितांनी कपुचिन संन्याशांसारखं जगायला निघू नये असं स्पष्ट सांगितलंय.

सेवेचा तास. सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. चौघं-पाच जण जातात, पलंगाभोवती उभं राहून वीस मिनिटं मोठ्याने प्रार्थना करतात, मधुमेहीच्या हातात पेढे ठेवतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. रुग्ण दमतो, आणि सांभाळणारी सून चहा करून दमते. 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या, गरिबांना मदत करणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची घरभेटीची रीत जोडीने जायची आहे आणि ती अगदी बरोबर आहे. दोघंच जा. आदल्या दिवशी फोन करा. दारात पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न सांभाळणाऱ्या माणसाला: ‘तासभर आम्ही आहोत, तुम्हाला कुठे जाऊन यायचंय का?’ त्या घरात खरी टंचाई ह्याच तासाची असते. बाजार, बँक, निवांत आंघोळ, किंवा महिन्यातून एक मिस्सा.

औषध आपल्या मनाने द्यायचं नाही. वेळ आणि गोळी घरच्यांनी कागदावर लिहून दिली असेल तरच. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. पण एकट्याने उचलायला जाऊ नका. घरच्यांनी एकदा करून दाखवल्यावर दोघांनी मिळून करा. बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. प्रार्थना रुग्णाने मागितली तर एक स्तोत्र आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ एवढं पुरे.

रुग्णासाठी ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) न्यायचं असेल तर ते आपलं आपण ठरवायचं नसतं. धर्मगुरू किंवा नेमलेले विशेष सेवकच ते नेतात. आपलं काम म्हणजे प्रमुख धर्मगुरूंना नाव कळवणं आणि घराची तयारी: स्वच्छ पांढरं कापड घातलेलं छोटं टेबल, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवायची नाही, न पेटवता ठेवली तरी चालते. आणि ख्रिस्तशरीर घेण्याआधीच्या तासाभराच्या उपवासासाठी रुग्णाला उपाशी ठेवू नका. आजारी, वयोवृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तो नियम लागू नाही.

कागदपत्रांत तर प्रार्थनेइतकीच सेवा आहे. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे थांबले असतील, तर बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो किंवा आधार खात्याशी जोडलेलं नसतं. अंथरुणावरचा माणूस तहसीलला जाऊ शकत नाही, तुम्ही चौकशी तरी करू शकता. सिव्हिलमध्ये कुणाला दाखल करायचं असेल, तर रेशनकार्ड आणि आधार आधीच पिशवीत ठेवा आणि गेल्या गेल्या जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा.

राहिले तुमचे पाचशे रुपये. काहीही बिघडत नाही. स्वतःच्या कमाईतून गरिबांना मदत करणं हे तर कॅनन लॉच्या कलम 222 नुसार प्रत्येकाचंच कर्तव्य आहे, वचन असो वा नसो. तीन पाळ्या करणाऱ्याला शनिवार खरंच जमत नसेल, तर पैसेच द्यावेत. फक्त ज्या घरी आपण भेटीला जातो, तिथे स्वतःच्या हाताने पैसे देऊ नयेत. एकदा दिले की पुढच्या भेटीत दोघांचीही नजर खिशाकडे जाते. विन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत किंवा धर्मग्रामामार्फत द्या. पगाराच्याच दिवशी बाजूला काढा, कारण महिनाअखेरीला ते कधीच उरत नाहीत. आणि तेही लिहा: रक्कम, तारीख, कोणत्या महिन्यापर्यंत, नोकरी गेली तर थांबेल. पाचशे जड जात असतील तर दोनशे लिहा, पण आकडा घरात विचारून लिहा.