प्रतिक्रिया: गेरिंगसिंग आणि आलीचे मूळ

बालीतील विणकाम टिकवायचे तर पर्यटकांची बाजारपेठ वाढवावी, हा लेखातील मुख्य मुद्दा मला अपुरा वाटतो. तेंगानान गावचे गेरिंगसिंग हे वस्त्र घ्या. त्यात ताणा आणि बाणा, म्हणजे उभी आणि आडवी, दोन्ही सुते विणण्याआधीच बांधून रंगवली जातात, आणि कमरेला पट्टा बांधून मागावर बसलेली बाई प्रत्येक आडवा धागा सुईसारख्या अवजाराने सरकवून नक्षी जुळवते. पण त्याआधी सूत रानअक्रोडाच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरते, निळीसाठी शेजारच्या बुगबुग गावी जाते आणि मग आल या रंग देणाऱ्या झाडाच्या मुळांच्या लाल रंगात पुन्हा पुन्हा बुडते. ही मुळे नुसा पेनिदा बेटावरून येतात. म्हणजे एका वस्त्रामागे अनेक गावांची शेती, झाडे आणि हात उभे असतात. मागणी एकदम वाढली आणि मुळे ओरबाडली गेली, तर माग असूनही लाल रंग मिळणार नाही. म्हणून विणकर स्त्रियांइतकाच आल लावणाऱ्या शेतकऱ्यालाही मोबदला मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. हे वस्त्र रोगराईपासून राखते, अशी तिथली श्रद्धा आहे, आणि दात कानशीने घासून सपाट करण्याच्या संस्कारासारख्या प्रसंगी ते लागतेच. ही घरची गरज आहे, तोवर मुली शिकतील. (गुजरातमधील पाटणच्या पटोळ्याचीही ताणा-बाणा दोन्ही आधी रंगवण्याची हीच रीत, आणि ते विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, असे परंपरा सांगते.)