नेलपेंट रिमूव्हरने सीडीचं स्टिकर काढा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

मागच्या गुरुवारी रात्री सांगलीहून आत्याचा फोन आला, आवाज रडवेला. "अगं, आजीच्या सीडीवरचं चंदेरी सगळं कागदाबरोबर निघून आलं गं." व्हिडिओ कॉल लावायला सांगितला तर तिने सीडी ट्यूबलाइटसमोर धरली आणि कडेच्या बाजूला बोटभर रुंद पट्ट्यातून आरपार उजेड दिसत होता, आणि कागदाच्या मागे तो चंदेरी पापुद्रा चिकटलेला, कांद्याच्या सालीसारखा.

त्या सीडीवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. १९९६ ला काकाने टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून रेकॉर्ड केलेल्या, मधे मधे जात्याची घरघर ऐकू येते. २००६ ला एका दुकानातून त्याची सीडी करून घेतली, दुकानदाराने वर गुलाबाचं चित्र असलेलं गोल स्टिकर लावून दिलं. मूळ कॅसेट ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. सीडी माळ्यावर होती म्हणून वाचली, फक्त ओलीने स्टिकर फुगलं होतं. आणि आत्याला तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'जुन्या सीडी-डीव्हीडी १०० वर्षं टिकवण्याचे ६ उपाय'. आमच्या फॅमिली ग्रुपवरही तोच येऊन पडलाय आणि तीन जणांनी 'उपयुक्त माहिती' म्हणून हात जोडलेत. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी तिसरा उपाय, कारण नुकसान त्याने केलंय. त्यात म्हटलंय: 'स्टिकर जुनं झालं की नेलपेंट रिमूव्हर लावून सोलून काढा व नवीन लावा.' हे ज्याने लिहिलं त्याने सीडी कधी नीट हातात घेऊन पाहिली नसावी. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची चकती, तिच्या वर रंगद्रव्याचा थर, घरी बर्न करताना लेसर खुणा करतो त्या याच थरात, त्याच्यावर धातूचा चकचकीत थर, आणि सगळ्यात वर वार्निशसारखा लॅकरचा हात, तोही काही मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. बस, एवढंच संरक्षण. स्टिकरचा गोंद या लॅकरला घट्ट धरून बसतो, त्यामुळे कागद ओढला की लॅकर, धातू, कधी रंगद्रव्यसुद्धा सोबत येतं. धातू गेला की लेसर परत फिरायला काही उरत नाही, ड्राइव्ह वाचणार काय? तो भाग गेला तो गेला, कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी तो परत येत नाही.

वर ते रिमूव्हर. बहुतेक रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेटलाच खातं. आत्याच्या सीडीवर कडेने एक ओघळ खाली उतरला होता, तेवढ्या रेषेत प्लास्टिक दुधाळ होऊन त्याला बारीक तडे गेलेत, आणि ती वाचायची बाजू. म्हणजे एका उपायात वरून पण घालवली आणि खालून पण.

सीडीवर रेकॉर्डिंग आतून बाहेर भरत जातं, म्हणून चौदापैकी पहिल्या अकरा ओव्या अजून वाजतात. शेवटच्या तीन बाहेरच्या कडेला होत्या, त्या गेल्या. त्यातली एक आत्याच्या लग्नाच्या वेळची होती, तिचं नाव घालून म्हटलेली.

आता पहिला उपाय, 'खालची चकचकीत बाजू जपा, वरच्या बाजूला काही होत नाही.' सगळ्या गोंधळाचं मूळ हे वाक्य आहे. सीडीत डेटा वरच्या बाजूला लागून असतो. खालून चरा पडला तर मधे मिलिमीटरभर प्लास्टिक आहे, वरून चरा पडला तर थेट डेटावर. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि डेटा मधे सँडविच होतो, म्हणून तिला वरून एवढा धोका नाही. पण मेसेजमध्ये दोन्ही एकच धरलंय.

दुसरा उपाय: 'मार्करची शाई आत झिरपते म्हणून नेहमी स्टिकरच लावा.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. झायलीन, टोल्युईन असले सॉल्व्हंट (शाई विरघळवणारी रसायनं) असलेला उग्र वासाचा मार्कर सीडीच्या लॅकरला इजा करू शकतो. पण म्हणून स्टिकर? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीची २००३ ची फ्रेड बायर्स यांनी लिहिलेली मार्गदर्शिका आहे, सीडी-डीव्हीडी कशा हाताळायच्या यावरच, ग्रंथालयं आणि अभिलेखागारांसाठी केलेली. त्यात स्पष्ट आहे की पाच वर्षांपेक्षा जास्त ठेवायच्या डिस्कला चिकटणारं लेबल लावू नका, आणि एकदा लावलं असेल तर काढायला जाऊ नका. लिहायचंच तर पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर, अल्कोहोलवाला त्यापेक्षा कमी चांगला, सॉल्व्हंटवाला नकोच. आणि अजिबात जोखीम नको असेल तर मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहा, तिथे डेटा नसतोच. जागा थोडी आहे हे खरं, पण 'आजी ओव्या १९९६' एवढं आरामात मावतं, बाकीचं कव्हरच्या कागदावर लिहा ना!

स्टिकर का नको तेही सांगते. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १० हजार फेरे घेते, लेबल जरा जरी एका बाजूला सरकलेलं असलं तरी ती थरथरते आणि वाचताना चुका होतात. कागद आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि डिस्कला ओढत राहतो. डीव्हीडीला तर जरासा बाकसुद्धा चालत नाही. गाडीतल्या, फटीतून सीडी आत घेणाऱ्या प्लेअरमध्ये सुटलेलं स्टिकर अडकून बसतं ते वेगळंच.

'स्टिकरवर बॉलपेनने दाबून ठळक लिहा.' नका लिहू! बॉलपेनचं टोक कागदावरून खाली दाब देतं आणि खाली कोणते थर आहेत ते वर सांगितलंय.

आता टूथपेस्ट चोळून चरे घालवायच्या उपायाबद्दल. खालच्या बाजूच्या हलक्या चऱ्यावर कधीकधी फरक पडतो, हे नाइलाजाने मान्य, कारण प्लास्टिक थोडं घासलं जाऊन सपाट होतं. पण तो उपाय फक्त एकदा कॉपी काढता यावी म्हणून, टिकवण्यासाठी नाही, आणि घासायचं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण गोल चरा ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल रेषेच्या, दिशेने जातो आणि तो भरून काढणं ड्राइव्हला जमत नाही. मेसेजमध्ये 'गोलाकार चोळा' लिहिलंय. वरच्या बाजूला तर टूथपेस्ट लावायचीच नाही.

फ्रिजमध्ये ठेवा हा सहावा. बाहेर काढल्यावर दव धरतं. कपाटात, उभी, कव्हरमध्ये, उन्हापासून लांब, एवढं पुरे.

ग्रुपवर ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी कृपा करून तिथेच खाली लिहा की चुकीचा आहे. लग्नाच्या, बारशाच्या, गेलेल्या माणसांच्या आवाजाच्या सीडी घरोघरी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी तेवढी एकच प्रत आहे.

आणि आत्या, तू हे वाचशील म्हणून इथेच लिहिते. ती सीडी आता प्लेअरमध्ये घालू नकोस, पापुद्रे सुटून आत अडकतील. कागदाचा उरलेला भाग आहे तसाच राहू दे, टोक उचललेलं दिसलं तरी नखाने ओढू नकोस. माळ्यावर अजून स्टिकरवाल्या तीन आहेत म्हणालीस, त्याही कव्हरमध्येच असू देत. मी रविवारी सकाळच्या गाडीने ड्राइव्ह घेऊन येतेय, आधी त्या तिन्हींची कॉपी काढू, मग अकरा ओव्यांची, कमी स्पीडवर. जेवायला थांबेन.