वर्षाअखेरच्या पोस्टवर आलेली एक प्रतिक्रिया आणि माझं जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून मी दादा म्हणतेय. वय माहीत नाही, आणि नाव तर तुम्ही लिहिलेलंच नाही, नुसतं 'एक जागरूक पालक'. उत्तर कमेंटमध्येच देणार होते पण तिथे मावेना, आणि तुमच्या कमेंटला बऱ्याच जणांनी अंगठे दिलेत, त्यात दोघी तर आमच्याच गल्लीतल्या आहेत, तेव्हा म्हटलं सगळ्यांना एकदाच काय ते सांगून टाकू.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते. १ मेला निकाल वाटून झाले की मी आमच्या नाशिकच्या मनपा शाळेचं वर्ष कसं गेलं त्याची पोस्ट टाकते, तशी यंदाही, म्हणजे २०२५ लाही टाकली. स्नेहसंमेलन, पाचवीची शिष्यवृत्ती, रंगवलेल्या भिंती, मोठ्या बाई (मुख्याध्यापिका) ३१ मेला रिटायर होतायत ते, असं सगळं. त्यावर दादांचं म्हणणं असं की अर्धी पोस्ट नाचगाण्यात गेली, तिसरी-चौथीच्या किती मुलांना धड वाचता येतं यावर एक ओळ नाही, जरा 'असर'चा (मुलांना वाचता येतं का, गणित येतं का ते तपासणारं सर्वेक्षण) अहवाल उघडून बघा, पोषण आहारातली अंडी बंद झाली ते गाळलं, पाण्याची टाकी गळते तेही गाळलं, शिष्यवृत्तीचा निकाल अजून अंतरिम आहे तेही नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "शाळा व्यवस्थापन समितीत बसून शाळेचं कौतुक लिहिणं म्हणजे घरच्याच लग्नात माईकवरून आहेर वाचणं."

वाक्य जमलंय. आमच्या ह्यांनी ते मला चहा पिता पिता दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा हसले, त्यांच्याशी मी वेगळं बोलेन. पण दादा, रात्री साडेअकराला मोबाईलवर असं काहीतरी खटकेबाज लिहून झोपायचं आणि सकाळी उठून अंगठे मोजायचे, याला टीका म्हणत नाहीत हो. विचारायचंच होतं तर सरळ विचारता आलं असतं. ताई, वाचनाचं काय? एवढे चार शब्द. त्याला मी चार शब्दांत उत्तर दिलं असतं.

आता घरचं लग्न म्हणता, तर हे घर कोणाचं ते आधी बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात कलम २१ वाचा. समितीत पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका. म्हणजे ही समिती शाळेच्या घरच्यांची नाहीच, पालकांची आहे, तुम्ही खरंच पालक असाल तर तुमची पण आहे. मला कोणी वशिल्याने बसवलेलं नाही. पालकसभेत हात वर करून निवड झाली, आणि खरं सांगायचं तर हात वर करायला माणसंच कमी होती, कारण बरेचसे बाबा लोक 'कामावर जायचंय' म्हणून सही करून पळाले होते. तुम्ही होता का त्या दिवशी? असाल तर कुठल्या बाकावर?

आणि समितीत बसून मिळतं काय म्हणाल तर काही नाही. मानधन नाही, भत्ता नाही, बैठकीतला चहा सुद्धा आम्ही वर्गणीने करतो. शाळा विकास आराखड्यावर सह्या करायच्या, बल्ब गेला की विभागीय कार्यालयात चकरा मारायच्या, भिंतीला रंग हवा तर रंगाच्या दुकानदाराला भीड घालायची. कौतुक करायला मला कोणी पैसे देत नाही आणि नाही केलं तर कापतही नाही. मग आहेर कसला वाचणार मी?

तुम्हाला माझ्याबद्दल माहिती नाही, म्हणून सांगतेच. माझे वडील जिल्हा परिषदेचे गुरुजी, सुरगाणा तालुक्यात पाड्यावर, एकशिक्षकी शाळा. चारही वर्ग एका खोलीत, खडूची पेटी ते पिशवीतून नेत. शनिवारी दुपारी निघायचे, रात्री एसटीने नाशकात पोचायचे, रविवारी आमच्या वह्या तपासायचे आणि सोमवारी पहाटे परत. मी स्वतः पहिली ते चौथी ह्याच शाळेत, मखमलाबाद रोडला तेव्हा बंगल्यांपेक्षा द्राक्षबागा जास्त होत्या. माझी आई अंबडला कंपनीत पॅकिंगला जायची. 'म्युन्शिपाल्टीची शाळा' हे मी शेजाऱ्यांकडून, मामीकडून, पुढे हायस्कुलातल्या मैत्रिणींकडून ऐकलेलं आहे, त्या बोलण्याचा मला वास येतो लांबून, आणि तुमच्या कमेंटला तोच वास आहे, तुम्ही कितीही असर-बिसर लिहा.

अजून सांगते. माझा थोरला दोन वर्षं इंग्रजी शाळेत होता, नाव घेत नाही. गणवेश त्यांच्याच दुकानातून, वह्या त्यांच्याच, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे वेगळे, आणि पोरगं घरी येऊन पाठ केलेली कविता म्हणायचं, अर्थ विचारला की खाली बघायचं. त्याला काढून मी इथे घातला तेव्हा घरात काय झालं ते मला माहीत. तेव्हा मी लांबून बघून कौतुक करणाऱ्यातली नाही. माझी दोन्ही पोरं ह्या शाळेत शिकली. तुमचं मूल कुठे आहे ते एकदा लिहून टाका ना साहेब, म्हणजे बोलणं सोपं होईल. लिहायचं नसेल तर राहू दे, माझा आग्रह नाही.

नाचगाणं. हो, अर्धी पोस्ट नाचगाण्याची आहे, आणि पुढच्या वर्षीही असेल. आमच्या शाळेत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांची मुलं आहेत. दिंडोरी, निफाड, इकडे मखमलाबादच्या बाजूला द्राक्षाची कामं असतात तेव्हा ही माणसं येतात, बागेतच पालं ठोकून राहतात, काढणी उरकली की गावाकडे. त्यातला एक मुलगा, दुसरीतला, वर्गात तोंड उघडत नव्हता. बाईंना वाटलं ऐकू येत नसेल, कान तपासायला पण पाठवलं. स्नेहसंमेलनात ह्याने पुठ्ठ्याचा मुखवटा केला, बोहाड्यात, म्हणजे आदिवासी भागातल्या मुखवट्यांच्या नाचाच्या उत्सवात असतो तसला, आणि काय नाचला! खाली बसलेल्या बायांमधून त्याची आई उठून उभीच राहिली. त्यानंतर तो वर्गात बोलायला लागला, आधी मुखवटा घालून, मग मुखवटा काढून. हे मी लिहायचं नाही तर काय लिहायचं, टाकीचा व्यास?

(टाकीचं पुढे सांगते.)

आणि याच मुलांना यंदा परीक्षेला थांबवून ठेवायला काय झालं ते तुम्हाला अहवालात दिसणार नाही. दरवर्षी एप्रिलच्या मध्याला परीक्षा उरकायची, यंदा राज्यभर एकच वेळापत्रक, पेपर थेट २५ एप्रिलपर्यंत. उन्हाचा तडाखा, सकाळची शाळा, बागा उतरून गेलेल्या, आईबाप बोचकं बांधून बसलेले. बाई स्वतःच्या फोनवरून मुकादमाला फोन करत होत्या, अहो दोन पेपर राहिलेत, थांबवा त्यांना. त्यातले बरेच थांबले. हे पोस्टमध्ये होतं, तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही बहुतेक फोटोच बघितलेत.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे, आणि मी लगेच दुरुस्त केली. शिष्यवृत्तीत आमच्या मुली पात्र ठरल्या असं मी ठोकून दिलं होतं, तिथे 'अंतरिम निकालानुसार' हवं होतं. परीक्षा ९ फेब्रुवारी २०२५ ला झाली, एप्रिलअखेर लागला तो अंतरिम निकाल, अंतिम तेव्हा यायचा होता. घातलाय शब्द. बघा, बरोबर असेल ते मी ऐकते.

आता वाचन. पहिली गोष्ट, 'असर'चं सर्वेक्षण ग्रामीण भागाचं असतं. नाशिक शहरातल्या मनपा शाळेला ते लावून तुम्ही आम्हाला नापास करताय, म्हणजे सिन्नरच्या पावसावरून सातपूरला छत्री उघडण्यातला प्रकार झाला. दुसरी गोष्ट, निपुण महाराष्ट्र म्हणजे मुलांना नीट वाचता-लिहिता यावं म्हणून शासनाने काढलेला कार्यक्रम, २०२५ ला त्याचा कृती कार्यक्रम मार्च ते जूनअखेर ठेवला होता, त्यात दुसरी ते पाचवीच्या एकेका मुलाला वाचायला बसवून कोण अक्षरावर अडकलंय, कोण शब्दावर, कोण उतारा वाचतंय ते लिहायचं होतं. तिसरीच्या अखेरीला मिनिटाला ६० शब्द तरी समजून वाचता यावेत असं निपुणचं उद्दिष्ट आहे. आमच्या शाळेचा आकडा माझ्याकडे आहे. समितीच्या बैठकीत तो वाचला गेला, इतिवृत्तात आहे, पालक असाल तर शाळेत या आणि वही मागा, कोणी नाही म्हणणार नाही. इथे मी तो टाकणार नाही.

का, तर ऐका. शिक्षक किती मिळणार हे पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. शिक्षण हक्क कायद्यातच आहे, प्राथमिकला ९१ ते १२० मुलं असतील तर चार शिक्षक, ९० वर आलात की तीन. आमचा पट त्या काठावर आहे, कधी दोन वर, कधी एक खाली. ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार जुळलेल्या मुलांचाच, आणि त्यावरून संच मान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर ते. एक शिक्षक कमी झाला की पाच वर्गांना तिघी बाई, म्हणजे तिसरी-चौथी एका खोलीत बसणार आणि मग त्या पोरांना वाचायला कोण शिकवणार, तुम्ही? गुढीपाडव्याला उन्हातून 'पट वाढवा'ची पत्रकं घेऊन आम्ही बायका दारोदार फिरलो. एका घरी ऐकलं, "तिथे पोरांना वाचता येत नाही म्हणे." म्हणे! कोण म्हणे ते विचारलं तर माहीत नाही. आता मे महिन्यात, लोक पहिलीचं कुठे घालायचं ते ठरवत असताना, मी चांगला-वाईट कसलाही आकडा ब्लॉगवर टाकायचा, त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरणार, आणि पुढच्या सोमवारी दोन दाखले मागायला येणार. अक्षरावर अडकलेली मुलं काय, त्यांना दुसरीकडे जाताच येत नाही, ती इथेच राहणार, एक बाई कमी होऊन. तुम्हाला हे लपवणं वाटत असेल तर वाटू दे. मला पट धरून ठेवायचाय.

अंड्यांचं, २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं सुरू झालं होतं, २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्याचा पैसा बंद केला, करायचं तर लोकसहभागातून करा म्हणाले. निर्णय मंत्रालयातला, मी त्याचं काय लिहिणार. लोकसहभाग म्हणजे तुम्ही-आम्ही, ट्रे घेऊन आलात तर शिजवायला मावशी आहेत.

टाकी गळते. माहीत आहे. अर्ज दिलाय.

पहिलीतल्या हिंदीवरून पण खाली कोणीतरी भांडण काढलंय, त्याला एप्रिल २०२५ मध्ये स्थगिती मिळाली होती, त्यावर या पोस्टखाली बोलू नका प्लीज, सगळा धागा तिकडेच जातो.

मोठ्या बाईंच्या निरोपाला मी फार लिहिलं असंही तुमचं म्हणणं दिसतंय, 'भाटगिरी' असा शब्द आहे. दादा, त्यांची जन्मतारीख १ जून, म्हणजे त्यांच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकून दिलेली, खरी कोणालाच माहीत नाही, तिच्यावर नोकरी लागली आणि तिच्यावरच संपतेय. ह्या बाईंनी मला शिकवलेलं नाही, माझ्या दोन्ही मुलांना शिकवलंय, आणि रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उड्या मारून आलेल्या, कानापर्यंत पिवळ्या झालेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी वर्गात घेताना कधी तोंड वाकडं केलेलं मी बघितलेलं नाही. त्यांच्यावर मी चार परिच्छेद लिहिले, अजून चार लिहीन. ब्लॉग माझा आहे.

शाळा १६ जून २०२५ ला उघडायची ठरली होती. त्याआधी पहिलीत येणाऱ्या मुलांचा 'पहिलं पाऊल'चा मेळावा असतो, आई आणि मूल दोघांनी यायचं, बाबा आले तरी चालतं.

तुमची पहिली कमेंट मी काढलेली नाही, आहेराच्या वाक्यासकट तिथेच आहे. रात्री टाकलेली दुसरी मात्र अडवून ठेवलीये, कारण तिच्यात तिसरीच्या बाईंचं नाव आणि त्या राहतात ती सोसायटी लिहिली आहे. तेवढं काढून परत टाका, लगेच लावते.