५८ की ६०, आणि त्यानंतरचा मंगळवार

महाराष्ट्रात निवृत्तीचा विषय निघाला की हमरीतुमरी दोनच गोष्टींवरून होते. वय ५८ ठेवायचं की ६० करायचं, आणि पेन्शन जुनीच हवी की नवी चालेल. मार्च २०२३ मधला सरकारी कर्मचाऱ्यांचा संप जुन्या पेन्शनसाठीच होता. वयाच्या मागणीत अधिकाऱ्यांच्या संघटना केंद्राकडे बोट दाखवतात, कारण तिथे १९९८ पासून ६० आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं विचारतात, तुम्ही खुर्च्या सोडणारच नसाल तर आम्ही अभ्यासिकेतच म्हातारं व्हायचं का? दोघांचंही खरं आहे. पण इंग्लंडात बसून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. दोन वर्षांसाठी एवढं भांडण होतं, आणि नंतरच्या वीसेक वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

इंग्लंडने वयाचा वाद केव्हाच निकालात काढला. ६५ व्या वर्षी नोकराला घरी पाठवण्याची मालकाची मुभा २०११ मध्ये गेली, काही मोजके अपवाद सोडले तर. सरकारी पेन्शन सुरू होण्याचं ६६ हे वय २०२६ ते २०२८ या काळात ६७ वर सरकतं आहे. पूर्ण रकमेला राष्ट्रीय विम्याचा साधारण ३५ वर्षांचा भरणा लागतो. पुष्कळ लोक आधी आठवड्याचे पाच दिवस तीनावर आणतात, मग दोनावर, आणि मग थांबतात. कधी थांबायचं ते बरंचसं आपल्या हातात असतं. तरीही वर्ष-दीड वर्षाने जी पोकळी येते ती इथेही येते आणि नाशिकलाही येते.

रॉबर्ट ॲचली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले. आधी मधुचंद्र, मग भ्रमनिरास, मग नव्याने घडी बसवणं. प्रत्येकजण याच क्रमाने जातो असं नाही, पण मधुचंद्र ओळखू येतो. चारधाम, घराची रंगरंगोटी, राहून गेलेली लग्नकार्यं. आपल्याकडे त्यात कागदपत्रांचीही भर. पेन्शनचं अंशराशीकरण करायचं का, म्हणजे तिचा काही भाग एकरकमी उचलायचा का, ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे कुठे गुंतवायचे, यात सहा महिने सहज जातात. या काळात 'मी आता काय करणार' याचा निर्णय घेऊ नये. तेव्हा सगळंच छान वाटत असतं.

भ्रमनिरास सुरू झाला की लोक सांगतात, आता जरा आत्मचिंतन करा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. रिकाम्या घरात दुपारी एकटं बसून माणूस चिंतन करत नाही, तेच तेच उगाळतो. १९९१ ची हुकलेली बढती, भावाने वाटणीत केलेली चलाखी. उगाळण्यातून पुढचं पाऊल निघत नाही आणि झोप मात्र जाते. चिंतनाला साचा लागतो, मुदत लागते आणि ऐकणारी माणसं लागतात.

असा साचा तयार आहे. म्हातारी माणसं जुन्या आठवणीत रमली की पूर्वी डॉक्टर त्याला मेंदू थकल्याचं लक्षण समजत. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की आयुष्याचा असा आढावा घेणं ही त्या वयातली स्वाभाविक प्रक्रिया आहे. पुढे सत्तरच्या दशकात जेम्स बिरेन यांनी कॅलिफोर्नियात त्याला पद्धतीचं रूप दिलं. पाच-सहा जणांचा गट आणि एक चालक. दहा आठवडे, दर आठवड्याला एकच बैठक, साधारण दोन तासांची. प्रत्येक आठवड्याला एक विषय: आयुष्याला वळण देणारे प्रसंग, कुटुंब, पैसा, काम, शरीर आणि आजार, बाई किंवा पुरुष म्हणून जगणं, मृत्यू, श्रद्धा आणि मूल्यं, पुढच्या इच्छा. त्या विषयावर घरून दोन पानं लिहून आणायची आणि गटात मोठ्याने वाचायची. वाचायला दहा मिनिटं पुरतात.

खरी करामत चालकाने आदल्या आठवड्यात दिलेल्या प्रश्नांत असते. 'पैशाविषयी लिहा' म्हटलं की बचतीवर निबंध येतो. त्याऐवजी विचारावं: लहानपणी घरातला पैसा कोण मोजायचं आणि तो कुठे ठेवलेला असायचा? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? कुणाकडे मागायची लाज वाटली? पैसे असूनही कशावर खर्च केला नाहीत? अशा सात-आठ प्रश्नांतला जो टोचेल तो उचलायचा, सगळ्यांची उत्तरं द्यायची नाहीत.

सगळ्यात जास्त फसतो तो कामाचा आठवडा. सरकारी नोकरीतला माणूस सेवापुस्तिका वाचायला लागतो. अमुक साली रुजू, तमुक साली जालन्याला बदली, मग पदोन्नती. दोन पानं संपतात आणि माणूस कुठे दिसतच नाही. त्या आठवड्यापुरती पदनामांवर बंदी घालावी. प्रश्न असे द्यावेत: कुठलं काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? कुठलं काम दर वेळी दुसऱ्यावर ढकललंत? समजा, पाटबंधारे खात्यातला उपअभियंता लिहितो. धरणाच्या नकाशांवर तीन ओळी, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्यांची पाण्याची भांडणं मिटवली त्यावर दीड पान. या माणसाने निवृत्तीनंतर बांधकाम सल्लागाराची पाटी लावली तर वर्षभरात कंटाळेल. त्याने पाणीवापर संस्थेत जाऊन बसावं. हे त्याच्या पानांत लिहिलेलं असतं, त्याला मात्र दिसलेलं नसतं. ते गटातल्या पाच जणांना दिसतं. म्हणून लिहिणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच वाचून दाखवणं.

गटाचे नियम थोडेच, पण कडक. वाचून झाल्यावर सल्ला द्यायचा नाही. 'माझंही असंच झालं' म्हणत स्वतःची गाडी पुढे काढायची नाही. फक्त विचारायचं किंवा कुठली ओळ लक्षात राहिली ते सांगायचं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. नवरा-बायकोने शक्यतो वेगवेगळ्या गटात बसावं, समोर जोडीदार असला की दोघंही सावरून लिहितात. (गृहिणीला तर निवृत्तीच नाही. उलट नवऱ्याची निवृत्ती तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसते, आणि पेन्शनच्या कुठल्याही वादात हे येत नाही. तिने या गटात जरूर यावं.) नातवंडांसाठी म्हणून लिहायला घेतलं की मजकूर गुळगुळीत होतो, तो मोह टाळावा. रात्री लिहू नये, सकाळी वीसेक मिनिटं पुरेत. एखादा प्रसंग फारच जाचत असेल तर 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घालून, तिसऱ्या माणसाबद्दल लिहिल्यासारखं लिहावं. थोडं अंतर पडतं. घरात नुकताच मृत्यू झालेल्याने काही महिने थांबावं. झोप आणि भूक दोन आठवडे उडाली असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

दहा आठवड्यांनंतर एकच गोष्ट निवडायची, आठवड्यातल्या दोन सकाळींपुरती, बारा आठवड्यांच्या बोलीवर. शेवटची तारीख आधीच सांगून ठेवायची, म्हणजे न जमल्यास अपराधी न वाटता बाहेर पडता येतं. इथे नेहमीची चूक होते ती सोसायटीच्या सचिवपदाची. काम आवडतं म्हणून नाही, खुर्ची परत मिळते म्हणून माणूस ते घेतो, आणि मग पार्किंगवरून सगळ्या इमारतीशी वैर.

इंग्लंडला यात सगळं जमलंय असं नाही. 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' ही कल्पना १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला सुरू झाली. ब्रिटनने १९८०च्या दशकात ती आपल्या पद्धतीने वळवली: परीक्षा नाही, पदवी नाही, पगारी शिक्षक नाही, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. व्यवस्था उत्तम आहे. पण बरेच जण तिथे सोमवारी लॅटिन, बुधवारी पक्षीनिरीक्षण, शुक्रवारी ब्रिज असं वेळापत्रक गच्च भरतात आणि स्वतःला काही विचारायची वेळ टाळतात. आपल्याकडे उलटी गत. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे, हॉल आहे, सतरंज्या आहेत. कार्यक्रम मात्र व्याख्यानाचा. पाहुणे, शाल-श्रीफळ, महिन्याचे वाढदिवस, आभार. साठ माणसं ऐकतात आणि एक बोलतो. त्याच हॉलच्या चार कोपऱ्यांत सहा-सहा जणांचे चार गट बसू शकतात, फक्त त्या दिवशी माईक बंद ठेवायला हवा. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कार्यालयात पेन्शन प्रकरणाची तयारी चालते, तेव्हाच यातली निदान 'काम' आणि 'पैसा' ही दोन सत्रं घेता येतील. खर्च वहीपेनाचा.

परदेशातल्या मराठी माणसाला निवृत्तीत आणखी एक प्रश्न छळतो: परत जायचं का? तो घर, हवा, औषधं आणि मुलं या शब्दांत विचारला जातो. हिशेबाचा एक भाग तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. रक्कम आहे तिथेच गोठते. वीस वर्षांत तिची खरेदीची ताकद किती उरेल, हे निघण्याआधी कागदावर मांडावं.

त्याच कागदाच्या मागे दोन मंगळवार लिहावेत, एक इथला आणि एक पुण्याचा, सकाळी सहा ते रात्री दहा, तासातासाने. अट एवढीच की महिना जुलै धरायचा. आपण पुण्याला जातो डिसेंबरात, हवा गार असते, सवाईची तिकिटं काढलेली असतात आणि चार दिवसांसाठी आलोय म्हणून भाऊ रजा काढतो. जुलैत भाऊ कामावर असतो, रिक्षा मिळत नाही आणि दोन वाजता वीज जाते. दोन्ही मंगळवारांत त्या दिवशी आपण कुणाशी बोललो ती नावं लिहायची, आणि कुणाला आपली गरज पडली तेही. पुण्याच्या पानावर फक्त नातेवाइकांची नावं आली आणि इथल्या पानावर फक्त डॉक्टरांची, तर जागेचा निर्णय वर्षभर पुढे ढकलावा आणि आधी एखाद्या गटात जाऊन बसावं, लंडनला किंवा कोथरूडला.