मॉस्को आणि पेकिंग का फाटलं?

परवा कट्ट्यावर कटिंग आला आणि नानांनी १९६४ काढलं. त्यांचे वडील आणि काका दोघे गिरणगावातले, लाल बावट्याचे. कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा एक मॉस्कोकडे झुकलेल्या डांग्यांबरोबर राहिला, दुसरा पेकिंगच्या (म्हणजे आजच्या बीजिंगच्या) बाजूचा मानल्या जाणाऱ्या मार्क्सवाद्यांत गेला. "एका चुलीवर जेवायचे, पण बोलणं बंद. मॉस्को-पेकिंगचं मुळात बिनसलं कशावरून?"

सुध्या लगेच म्हणाला, "राष्ट्रहित, दुसरं काय! जून १९५९ मध्ये रशियाने चीनला अणुबॉम्बचा नमुना द्यायचं नाकारलं. सप्टेंबरात, भारत-चीन चकमकीनंतर, 'तास' या रशियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने तटस्थ पत्रक काढलं. माओ कसा गप्प बसेल?"

मला हे अर्धंच पटतं. मधल्या जुलैत चीनमध्ये लुशानच्या डोंगरावर, पक्षाच्या बैठकीत काय झालं ते बघा ना! शेती आणि उद्योग झपाट्याने वाढवायची माओची मोहीम, 'मोठी झेप', फसत चालली होती. संरक्षणमंत्री फंग दहुआइ यांनी माओला खाजगी पत्र लिहिलं, की आपलं चुकतंय. माओने ते छापून बैठकीत वाटलं! त्याच सुमारास रशियाचा नेता ख्रुश्चेव पोलंडमध्ये कम्यूनच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, कल्पनेला नावं ठेवून बसला होता आणि फंग नुकतेच त्याला भेटून आलेले. झालं. घरातली टीका आणि मॉस्कोची टीका एकाच पारड्यात पडली. फंग यांचं मंत्रिपद गेलं, त्यांच्या जागी लिन ब्याव आला. उपासमारीबद्दल बोलायची सोयच उरली नाही आणि कोट्यवधी माणसं मेली. मला त्या पत्राची आठवण झाली की अजून वाईट वाटतं.

"पण बॉम्ब जूनमध्ये नाकारला, लुशान जुलैत," सुध्या सोडेना. "आधी काय?"

आधी १९५६. ख्रुश्चेवने स्टालिनची व्यक्तिपूजा उघडी पाडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात चिनी पक्षाच्या घटनेतून 'माओ विचार' हे शब्द गळले. माओच्या खुर्चीला धक्का तिथे बसला. पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछीला घालवताना शिवी कोणती दिली? 'चीनचा ख्रुश्चेव'! मग मॉस्कोशी जुळवून घेणार कसं?

ख्रुश्चेवही काही कमी नव्हता. जुलै १९६० मध्ये त्याने चीनमधले हजाराहून जास्त रशियन तज्ज्ञ एका फटक्यात परत बोलावले, कारखाने अर्धवट टाकून. १९५० चा तीस वर्षांचा मैत्रीकरार मात्र कागदावर पुरता १९८० पर्यंत चालला. मध्ये १९६९ ला सीमेवरच्या उसुरी नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडूनसुद्धा.

"म्हणजे आमच्या घरातलं भांडण लुशानला ठरलं?" नानांनी विचारलं.

सगळं नाही, नाना. काँग्रेसशी कसं वागायचं, हे भांडण इथलंच होतं.

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काका गेले तेव्हा खांदा मात्र बाबांनीच दिला."