‘आधी बाटली सुटू दे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘दारू आणि मानसिक आजार यांवर एकत्र उपचार करा म्हणणं म्हणजे पिणाऱ्याच्या हातात आयतं निमित्त देणं. आधी बाटली सुटू दे, डोकं आपोआप ठिकाणावर येतं. आणि गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच.’ बारा वर्षं सोबर असलेल्या माणसाचं बोलणं मी वरवर घेणार नाही.

डोकं ठिकाणावर येतं, हे पुष्कळांच्या बाबतीत खरं आहे. दारू सोडल्यावर तीन-चार आठवड्यांत त्यांची उदासी ओसरते, झोप परत येते. म्हणून तर जाणते डॉक्टर पहिल्याच भेटीत नैराश्याचा शिक्का मारत नाहीत, थांबून बघतात. पण ते माणसाला आपल्या नजरेखाली ठेवून थांबतात. ‘सोडून ये, मग बघू’ म्हणून दारातून परत पाठवणं वेगळं.

माझा धाकटा भाऊ असा परत पाठवलेला. विसाव्या वर्षी त्याला बायपोलरचा, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं तर कधी पार खाली जातं त्या आजाराचा, पहिला उन्माद आला. दारू नंतर आली. उन्मादात चार-चार रात्री झोप नाही, उधारीवर पार्ट्या. मन खाली गेलं की अंथरुणातून उठायलाही क्वार्टर लागायची. मानसोपचार विभागात सांगितलं, आधी व्यसनमुक्ती केंद्रात न्या. केंद्रात ‘इथे गोळ्या चालत नाहीत’ म्हणून त्याचं लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारं औषध, एकदम बंद केलं. एकविसाव्या दिवशी तो पूर्ण सोबर होता आणि पूर्ण उन्मादात. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी प्यायला. केंद्राच्या वहीत नोंद झाली : ‘इच्छाशक्ती कमी’. ते दोन शब्द मला अजून बोचतात.

लिथियमची तलफ येत नाही, त्याची नशा होत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, तिथे तुमची भीती रास्त आहे. पण सगळ्या गोळ्या एका पोत्यात घालू नका. उलट, माणूस पितोय का हे लिथियम देणाऱ्याला कळायलाच हवं, कारण उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आणि दारू सुटावी म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम काहींच्या बाबतीत भास-भ्रम वाढवतं, म्हणून ते देणाऱ्याला आधीचा मानसिक आजार ठाऊक असायला हवा. दोन डॉक्टर दोन इमारतींत बसून एकमेकांशी बोलतच नसतील, तर हे सांभाळणार कोण? घरातली आई?

एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना, तुमची जीवनवाट आहे, म्हणून मुद्दाम सांगते. एएच्या स्वतःच्या पुस्तिकेतच म्हटलंय की कुठल्याही सदस्यानं डॉक्टर बनू नये. एएचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ मध्ये दारू सोडली, आणि पुढे चाळीसच्या दशकात ते कित्येक वर्षं नैराश्यानं ग्रासले होते. त्यांची बाटली तर केव्हाच सुटली होती.

एकत्र उपचारांनी दारू हमखास सुटते, असा माझा दावा नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यसनी रुग्णांसाठी कुठलीही एक मनोसामाजिक उपचारपद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे : दोन्ही त्रास असलेल्याला एकाही दारातून परत पाठवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत.

निमित्ताचं म्हणाल, तर भावाला कुणी सूट दिलेली नाही. ज्यांचे पैसे बुडवले त्यांच्यासमोर तो उभा राहिला. आता एकाच ठिकाणी डॉक्टर आणि समुपदेशक आहेत, ठरल्या वेळी रक्ततपासणी आहे, आणि गुरुवारची मीटिंगही आहे. मध्ये दोनदा स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. तेव्हा त्याला बाहेर काढलं नाही, आधी लिथियमची पातळी तपासली.

शेवटी तुम्ही मीटिंगला येणाऱ्या एका मुलाबद्दल लिहिलंय. दोन महिने थेंब घेतलेला नाही, तरी त्याला आवाज ऐकू येतात, आणि तुम्ही त्याला ‘धीर धर, जाईल’ सांगताय. दादा, विड्रॉवलचे, म्हणजे दारू बंद केल्यावर होणाऱ्या त्रासातले भास बहुधा पहिल्या काही दिवसांतले असतात. दोन महिन्यांनंतरचे आवाज त्या खात्यात टाकून सोडून देता येणार नाहीत. त्याला याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, शक्य असेल तर तुम्ही सोबत जा. कुठे न्यायचं सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. आणि मीटिंग मात्र त्याची सुटू देऊ नका.