पंचगंगेकाठी खारफुटी लावून नदी स्वच्छ होणार नाही

‘खारफुटी जड धातू खाऊन टाकते, पंचगंगेच्या घाटावर तिची रोपं लावा’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. हेतू चांगला आहे, पण माहिती अर्धवट आहे.

खारफुटी (समुद्र-खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) धातू खात नाही, अडवते. शिसं, तांबं, जस्त मुख्यतः तिच्या मुळांभोवतीच्या काळ्या चिखलात अडकतात. तिथं ऑक्सिजन जवळपास नसतो. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि धातू त्याला घट्ट चिकटतात. मुळांवर लोहाचा तांबूस थरही बसतो, तोही धातू धरून ठेवतो. पानांपर्यंत सहसा थोडाच भाग पोचतो. म्हणजे विष नष्ट होत नाही, साठून राहतं. तोच चिखल उपसला, त्याला हवा लागली, की धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात. म्हणून कोकणातल्या खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडणं दुहेरी घातक.

आपली पंचगंगा गोड्या पाण्याची, नरसोबावाडीला कृष्णेला मिळणारी. इथं ना भरती-ओहोटी, ना खारा चिखल. रोपांवर पैसे घालण्यापेक्षा, कृपा करून, सांडपाणी नदीत मिसळण्याआधीच त्यातले धातू काढायला लावा.